कमचीचं दुसरं टोक

लहान मूल सांभाळायला मी अयोग्य आहे, हा निर्णय आमच्या घरात कोणताही अर्ज न भरता, कोणतीही समिती न नेमता, एका दुपारी पाच मिनिटांत झाला. निर्णय माझ्या सुनेचा होता आणि पुरावा तिच्या हातात होता: एका कादंबरीचं शेवटचं पान, अर्धं. उरलेलं अर्धं माझ्या दोन वर्षांच्या नातीनं खाल्लं होतं. ती ते माझ्या शेजारी बसून खात होती आणि मी तिच्या शेजारी बसून दुसरं पुस्तक वाचत होतो.

"मामाजी, तुमचं ध्यान होतं ना तिच्याकडं?" सुनेनं विचारलं. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात.

मी म्हणालो, होतं. त्या कादंबरीचा शेवट काय झाला हे मला आजही ठाऊक नाही. नातीला ठाऊक आहे, पण ती सांगत नाही.

दुसऱ्या दिवसापासून नात बाईकडे जायला लागली.

आमचं गाव मोहर्लीच्या अलीकडे, जंगलाला टेकून आहे. सून ताडोब्यात गाइड आहे. पहाटे खाकी गणवेश चढवून ती गेटवर जाते, पर्यटकांना उघड्या जिप्सीतून वाघ दाखवते, साडेदहाच्या सुमारास परत येते, मुलीला भरवते आणि दुपारच्या सफारीला पुन्हा निघते. मुलगा चंद्रपूरला नोकरीला, शनिवारी उगवतो. माझी बायको त्या उन्हाळ्यात मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली होती. म्हणजे घरात उरलो मी, आणि माझा निकाल लागलेला होता.

गावातल्या अर्ध्या तरुण बायकांची हीच गत. कोणी गाइड, कोणी रिसॉर्टच्या खोल्या झाडायला, कोणी तिथल्या स्वयंपाकघरात. त्या सगळ्यांची मुलं बाई सांभाळायची. बाई म्हणजे पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी बाई. चौथी शिकलेली. तिचं माहेर सिंदेवाहीकडचं, सुपं-टोपल्या विणणाऱ्यांचं. घर म्हणजे एक खोली, पुढं ऐसपैस छपरी आणि भोवती तिनं स्वतः विणलेलं बांबूचं कुंपण. कुंपण माझ्या डोक्याच्या वर जातं, आणि त्याच्यावर बोरीच्या काट्या. बिबट्याला उडी मारायची असेल तर त्यानं दहादा विचार करावा, अशी सोय.

मूल घेण्याची तिची एक रीत होती. ती मला पहिल्या दिवशी समजली, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो.

मूल पहिल्यांदा आलं की बाई वीतभर लांबीची बांबूची कमची घ्यायची आणि आईच्या देखत ती दोन्ही हातांनी पिळून मोडायची. कापायची नाही, मोडायची. मोडलेल्या बांबूची टोकं दातेरी होतात, तंतू वरखाली निघतात, आणि जगात दुसरी कोणतीही कमची अगदी तशीच मोडत नाही. अर्धी कमची मुलाच्या थैलीवर, खुंटीला. अर्धी आईकडे. आईनं स्वतः आणलेलं मूल आईच न्यायला आली तर प्रश्न नाही. दुसरं कोणीही आलं, बाप असो, आजा असो, तर त्यानं अर्धी कमची आणायची. बाई दोन्ही टोकं एकमेकांत बसवून बघायची. बसली, तर मूल मिळणार.

"एका गावात राहून हे कशाला?" मी तेव्हा सुनेला विचारलं होतं.

"बाईचं तसंच हाय, मामाजी. तुम्ही फक्त कमची सांभाळा. मले उशीर झाला तं तुम्हालेच आणा लागते तिले."

मी सांभाळली. मला वस्तू सांभाळण्याची एकच जागा माहीत आहे. मी ती वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली.

एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या ऑफिसातून पत्र आलं. खाजगी पाळणाघरं चालवणाऱ्या व्यक्तींची योग्यता आणि मुलांच्या सुरक्षिततेची व्यवस्था तपासली जाणार होती. योग्य ठरतील त्यांना मान्यता, खाऊ आणि खेळणी. अयोग्य ठरतील त्यांची पाळणाघरं पुढच्या महिन्यापासून बंद. तपासणीच्या वेळी गावच्या समितीचा एक सदस्य हजर पाहिजे. माझ्या मागे 'निवृत्त मुख्याध्यापक' लागलेलं असल्यामुळे गावात कोणतीही समिती निघाली की मला तिच्यात न विचारता घालतात. स्मशानभूमी सुशोभीकरण समितीतही मी आहे. तिथं निदान घाई नाही.

सुनेनं पत्र वाचलं. अटींच्या यादीत दुसऱ्याच ओळीवर तिचं बोट थांबलं. शिक्षण: किमान दहावी.

"बाई नापास झाली तं मले ड्युटी सोडा लागन," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या पुस्तकाकडे, आणि पत्राची घडी घातली. पुढचं बोलायची तिला गरजच नव्हती.

तपासणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता ग्रामपंचायतीतून खुर्ची आली. खुर्चीवर पांढरा टॉवेल आला. त्यामागून बॅनर आला, तो बाईच्या छपरीपेक्षा हातभर रुंद होता, म्हणून त्याची दोन्ही टोकं मागं दुमडून बांधावी लागली. 'स्वागत' शब्दातला 'स्वा' आणि जिल्ह्याहून येणाऱ्या साहेबांच्या हुद्द्याचा शेवटचा भाग त्यामुळे दुमडीत गेला. चार-पाच वर्षं चालू असलेल्या पाळणाघराच्या फाटकाला कोणीतरी लाल फीतही बांधली होती. मुलांनी ती साहेब यायच्या आधीच चावून तोडली.

साहेब नऊला आले. सकाळची सफारी त्यांनी घेतलेली दिसत होती, कारण भुवयांवर धूळ होती आणि चेहऱ्यावर वाघ न दिसल्याची नाराजी. त्यांच्यासोबत एक फोटोग्राफर आणि पर्यवेक्षिका मॅडम. मॅडम चाळिशीच्या, थकलेल्या, हातात जाड अर्ज. साहेब खुर्चीत बसले. मॅडम मुलांबरोबर सतरंजीवर बसल्या. तेव्हाच मला त्या बऱ्या वाटल्या.

साहेबांना आधी फोटो हवा होता. त्यांनी समोरचं एक गुबगुबीत मूल उचललं. मुलानं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि भोंगा पसरला.

"ठेवा जी साहेब त्याले खाली," बाई म्हणाली. "घाबरून राह्यलं ते."

"एकच फोटो, बाई."

"फोटोचं त्याच्या मायले इचारा लागते."

"अहो, पेपरात येईल!"

"म्हनून तं इचारा लागते."

साहेबांनी मूल खाली ठेवलं. शेवटी फोटो निघाला तो साहेब, टॉवेल आणि दुमडलेला बॅनर यांचा. बाई चौकटीच्या बाहेर एका पोराचं नाक पुसत होती.

मग अर्ज सुरू झाला. त्यात तीसच्या वर प्रश्न होते आणि ते ज्या माणसानं लिहिले त्यानं आमचं गाव पाहिलेलं नव्हतं, याबद्दल शंका नको. पाळीव कुत्र्याचं लसीकरण झालं आहे काय, असा प्रश्न होता. बिबट्याचा उल्लेख नव्हता. जिना असल्यास त्याला कठडा आहे काय, असं विचारलं होतं. गावात जिना एकच आहे, पाण्याच्या टाकीचा.

मॅडम विचारत होत्या, बाई उत्तर देत होती.

"शिक्षण?"

"चवथी."

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कुंपणाच्या विणीकडे बघितलं.

"घरात राहणारे इतर प्रौढ?"

"एक नवरा हाय."

"कुठे आहेत?"

"कुंपनाच्या भाइर."

आम्ही सगळ्यांनी मान वळवली. कुंपणाच्या फटीतून मोहाच्या झाडाखाली बसलेला माणूस दिसला. तो जाळं दुरुस्त करत होता. गावच्या तलावात मासे धरतो, आणि बाजाराच्या दिवशी मोहाची पितो. आदल्या दिवशी बाजार होता.

"ते बाहेर का?"

"लेकरं हायत ना घरात," बाई म्हणाली, जणू प्रश्नच चुकीचा होता. "सांजच्याले लेकरं गेल्यावर घेते त्याले आत. आंघोळ करून."

"रोज?"

"पेला नसला तरी रोज. एक दिवस हो आन एक दिवस नाई केलं तं त्याच्या ध्यानात नाई राहत."

"राम राम, मॅडम!" कुंपणापलीकडून आवाज आला. "मी चांगला मानूस हाय जी!"

"तुले कोनी इचारलं?" बाई न वळता म्हणाली. आवाज बंद झाला.

मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला. "मुलांना नेण्या-आणण्याची नोंदवही?"

"नाई."

"सही कोण घेतं मग?"

"सही तं कोनीबी करते."

"तसं नाही चालत, बाई. बालकास नेण्यास येणाऱ्या व्यक्तीची खातरजमा केली जाते काय? वही नाही म्हणजे मला इथं 'नाही' लिहावं लागेल." आणि त्यांनी लिहिलं. तो दिवसातला दुसरा वाईट रकाना होता. बाईनं खुंट्यांवरच्या कमच्यांकडे बोट दाखवलं, पण साहेबांना वाटलं ती सजावट आहे. "छान, स्थानिक कला," ते म्हणाले.

मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी समिती होतो. पण मला ती रीत स्वतःलाच पोरकट वाटत होती आणि चारचौघांत तिची वकिली करायला लाज वाटली. शिकलेल्या माणसाची ही अडचण असते.

साडेदहाला गेटवरून फोन आला. जंगलात मोबाईल चालत नाही, म्हणून निरोप गेटवरचा कारकून देतो. वाघीण पिल्लांना घेऊन रस्त्यातच बसली होती. दोन्ही बाजूंना जिप्स्या अडकल्या होत्या आणि हॉर्न वाजवायची बंदी. "वहिनीले उशीर हाय, गुरुजी. वाघीन उठली का येते."

हे ऐकून साहेबांचा चेहरा पडला. त्याच रस्त्यानं सकाळी लवकर परतायचा हट्ट त्यांनीच धरला होता.

नातीची भरवायची वेळ झाली होती आणि ती तोंड वाकडं करू लागली होती. मी उठलो, थैली काढायला हात पुढं केला आणि म्हणालो, "बाई, नेतो मी हिला."

"कमची?"

मी खिसे चाचपले. चष्म्याची डबी, रुमाल, पेन, दुसरा पेन. कमची पुस्तकात होती आणि पुस्तक घरी, उशीजवळ.

"घरी राहिली," मी म्हणालो.

"मंग आना."

साहेब हसले. "अहो बाई, हे समितीचे सदस्य आहेत. मुलीचे आजोबा आहेत. सगळं गाव ओळखतं त्यांना."

"मीबी वळखते."

"मग?"

"कमची नाई."

"मी सांगतो ना, द्या. माझी जबाबदारी."

बाईनं साहेबांकडे नीट बघितलं. तिच्या कडेवर माझी नात होती आणि नात माझ्याकडे हात पसरत होती. "तुमच्यापाशी हाय का जी कमची?" तिनं विचारलं.

साहेबांच्या कपाळावर एक शीर दिसायला लागली. मला वाटलं, संपलं. तीस प्रश्नांच्या अर्जात दोन वाईट रकाने आधीच आहेत, आता हा तिसरा साहेब स्वतःच्या हातानं भरणार. सून नोकरी सोडणार. मी पुन्हा नातीजवळ बसणार, आणि घरातली एकेक कादंबरी शेवटाविना राहणार.

"बाई," मी हळूच म्हणालो, "आजच्या दिवस राहू द्या ना."

तेव्हा बाई बोलली. तिला एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"तीन वर्सांमागची गोष्ट हाय, साहेब. तेव्हा मी काई कमची-गिमची ठेवत नव्हती. एक पोरगी होती माह्यापाशी. तिचा सख्खा मामा आला. सारं गाव त्याले वळखे. म्हने, दे, नेतो. मी देल्ली. तो तिले मोटरसायकलवर बसवून आपल्या गावाले घेऊन गेला. पोरीच्या बापासंगं त्याचं भांडन होतं, त्याचा राग. मायले सांगतलं नाई. अन् माह्याबी तोंडून निघालं, का पोरगी इथीच खेळत होती. भेव वाटलं मले खरं सांगाले. मंग सारं गाव डबे वाजवत जंगलात घुसलं, का वाघानं नेली. ती माय कशी रडे ते मी आयकलं दिवसभर. सांजच्याले मी खरं सांगतलं. पोरगी तिकडं मामाच्या छपरीत जलेबी खाऊन राह्यली होती."

ती थांबली. नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"अनोळखी मानसाले नाई म्हनाले काई नाई लागत, साहेब. वळखीच्याले नाई म्हनाले कमची लागते. कमची नसली का मले त्याच्या तोंडाकडं पाहा लागते. तोंडाकडं पाह्यलं का मी देऊन टाकते."

साहेबांच्या कपाळावरची शीर हळूहळू गेली. मॅडमनी अर्जाचं पान उलटं फिरवलं, मागचा एक रकाना शोधला आणि त्यातला 'नाही' एका रेषेनं खोडला. मग मला म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही जाऊन घेऊनच या. मलाही बघायचंय कसं ते."

मी उन्हातून घरी गेलो. आता मला त्या कमचीबद्दल आदर वाटत होता. सांगायला हरकत नाही, डोळ्यांतही थोडं काही आलं होतं, ते मी उन्हावर ढकललं. पुस्तक उघडलं, कमची घेतली, परत आलो आणि एखाद्या दीक्षांत समारंभात पदवी द्यावी तशी ती बाईच्या हातात दिली.

बाईनं खुंटीवरची अर्धी काढली. दोन्ही टोकं जवळ आणली. पुन्हा फिरवून जवळ आणली. मग माझ्या अर्ध्या कमचीचं टोक बोटानं चाचपलं.

"गुरुजी, हे काय केलं?"

"काय?"

"टोक तासलं तुम्ही याचं."

हे खरं होतं. दातेरी टोकाचे तंतू पुस्तकाच्या पानांना ओरखडत होते. म्हणून एका रविवारी निवांत बसून मी ते ब्लेडनं गोल केलं होतं, वर काचकागदही फिरवला होता. फार सुबक काम झालं होतं. म्हणजे खिशात टोचतात म्हणून किल्लीचे दात घासून टाकावेत, तसं मी केलं होतं, आणि मी गावातला सगळ्यात शिकलेला माणूस.

"पानं फाटत होती," मी म्हणालो.

कुंपणापलीकडून बाईचा नवरा इतका हसला की जाळं त्याच्या हातातून पडलं. मग साहेब हसले. मनापासून, टॉवेल खाली घसरेपर्यंत. मॅडमनी अर्ज तोंडासमोर धरला.

बाई हसली नाही. तिनं दोन्ही अर्ध्या पदराला पुसल्या आणि म्हणाली, "नाई बसत."

"बाई, पण आता तर दिसतंय ना सगळ्यांना," साहेब म्हणाले, पण या वेळी हुकूम नव्हता, चौकशी होती.

"दिसते. पन नाई बसत."

मग कोणी आग्रह केला नाही. आम्ही वाट बघत बसलो. बाईनं नातीला मांडीवर घेऊन वरणभात भरवायला घेतला. आईशिवाय कोणाच्या हातचं न खाणारी माझी नात पाच घास खाऊन थुंकली, मग सात खाल्ले. साहेबांना रिसॉर्टवर जेवायला बोलावलं होतं, तरी ते उठले नाहीत. का, ते मला नक्की सांगता येणार नाही. मधेच त्यांनी खुर्ची सोडली आणि सतरंजीवर टेकले. एक मूल येऊन त्यांच्या पायाशी बसलं. फोटोग्राफर तोवर चहाला गेला होता.

साडेअकराच्या पुढं सून आली. खाकी गणवेश धुळीनं लाल, टोपी हातात. ती फाटकातून आत आली तशी बाईनं काही न विचारता नात तिच्या हातात दिली.

"वाघीन उठली का?" साहेबांनी विचारलं.

"उठली, साहेब. तुमची जिप्सी गेल्यावर पाच मिनिटांनीच येऊन बसली होती." तिनं हे निरागसपणे सांगितलं. मग तिची नजर बाईच्या हातातल्या दोन अर्ध्यांवर गेली. काय झालं ते तिला बाईच्या नवऱ्यानं कुंपणावरून, अभिनयासकट, सांगितलं.

सून माझ्याकडे वळली. "मामाजी, पोरीनं पुस्तक खाल्लं. तुम्ही कमची खाल्ली."

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

शेवटी अर्जात समिती सदस्याचं मत लिहायची चौकट होती. मोठी होती, दहा ओळी मावतील एवढी. मॅडमनी अर्ज माझ्यापुढं केला. चौतीस वर्षं शाळेत मी शेरे लिहिले आहेत. प्रगती समाधानकारक, अक्षर सुधारावे, पालकांनी भेटावे. मी लिहिलं: 'सदर बाईंनी समिती सदस्यास त्याची स्वतःची नात दिली नाही. योग्य.'

"एवढंच?" मॅडमनी विचारलं.

"एवढंच."

"चौथीचं काय करू?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "शिफारस जोडून वर पाठवते. बघू." साहेबांनी त्यांच्या हातातून अर्ज घेतला, माझी ओळ दोनदा वाचली आणि खाली सही केली. मग बाईनं नवी कमची काढली आणि सुनेच्या देखत पिळून मोडली. साहेबांनी ती मोडताना बघायला मान पुढं काढली होती.

पत्र यायला दीड महिना लागला. तोवर सून रोज ड्युटीवरून आल्यावर आधी मला विचारायची, पत्र आलं का, आणि मग नातीकडे जायची. एका दुपारी ते आलं. मान्यता मिळाली होती. पण दोन अटींवर. एक, दहावी उत्तीर्ण व्यक्तीनं रोज नोंदवही लिहावी. दोन, पाळणाघरात नियमित येणाऱ्या प्रत्येक प्रौढानं पोलीस पाटलांकडून चारित्र्याचा दाखला आणावा.

गावात दहावी उत्तीर्ण आणि सकाळी मोकळा असा माणूस एकच होता. सुनेनं माझ्याकडे अशा प्रकारे बघितलं की मी लगेच दाखल्यासाठी निघालो. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी प्रथमच माझ्या चारित्र्याची कोणी लेखी चौकशी करत होतं. पोलीस पाटील माझा जुना विद्यार्थी. त्यानं मला बसवलं, चहा दिला आणि 'यांना मी लहानपणापासून ओळखतो' असं लिहिलं. कोणाच्या लहानपणापासून, ते लिहायचं राहिलं. नंतर त्यानं मला विचारलं, "गुरुजी, माझं अक्षर सुधारलं का?" सुधारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाखला आणि कोरी नोंदवही घेऊन मी बाईच्या फाटकाशी गेलो. बाईला वाचता येतं, हळूहळू. तिनं दाखला वाचला.

"कोनं देल्ला?"

"पोलीस पाटलानं."

"तो तुमचा शाळेतला पोरगा ना?"

"हो."

"म्हंजे वळखीचा." तिनं दाखला परत माझ्या हातात दिला. "दुसऱ्या गावच्या पाटलाचा आना."

"बाई, जो मला ओळखत नाही तो माझं चारित्र्य कसं सांगेल?"

"अन् जो वळखते तो खरं कसं सांगन?"

मी विचार केला. वाद घालण्यासारखा मुद्दा होता आणि मी हरलो असतो. मागून बायका येत होत्या, कामाची घाई होती. बाईनं आतून एक पाट आणला आणि तो फाटकाच्या बाहेर, मोहाच्या झाडाखाली ठेवला. "तवरक इथी बसून लिहा," ती म्हणाली.

मी बसलो. बायका आल्या, मुलं फाटकातून आत गेली, मी वेळ लिहिली, त्यांनी सह्या केल्या. सून आली, नातीला बाईच्या हातात दिलं, सही केली, आणि नवी कमची माझ्या खिशात स्वतः घालून वर बटण लावलं. "पुस्तकात ठेवू नका," म्हणाली आणि गेटकडे गेली.

शेजारी बाईचा नवरा जाळं घेऊन बसला होता. त्यानं थोडा सरकून मला सावली करून दिली.

"काऊन जी गुरुजी, आत नाई घेतलं?"

"चौकशी चालू आहे."

"माही तीन वर्सांपासून चालू हाय," तो म्हणाला, आणि जाळ्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, ताणून धरायला.